जुन्या संगणकावरचे मराठी नव्या संगणकावर नेताना

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील आमचे दुकान अक्षरजुळणीचे आहे. लग्नपत्रिका, तालीम मंडळांची पावतीपुस्तके, कुस्ती मैदानांची पत्रके आणि शाहू जयंतीच्या स्मरणिका ही कामे वर्षभर येत असली, तरी दुकान चालते ते पतसंस्था आणि दूध संस्था यांच्या वार्षिक अहवालांवर. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि सभेआधी छापील अहवाल सभासदांच्या हाती पडावा लागतो; त्यामुळे जून उजाडला की आम्हाला अहवालांखेरीज दुसरे काही सुचत नाही. अहवालाचे काम कोऱ्या पानापासून कधीच सुरू होत नाही. गेल्या वर्षीची फाईल उघडायची, ताळेबंदातले चालू वर्षाचे आकडे मागील वर्षाच्या रकान्यात न्यायचे, मोकळ्या झालेल्या रकान्यात नवे आकडे भरायचे, संचालकांची नावे तपासायची, अध्यक्षांचे मनोगत बदलायचे आणि पोटनियमांतील दुरुस्त्यांचा तक्ता जोडायचा, असा हा क्रम असतो. जुनी फाईल नुसती दिसून भागत नाही, ती बदलता आली पाहिजे. संगणक बदलण्याच्या सगळ्या खटाटोपाकडे मी याच एका कसोटीवर पाहिले.

आमचा जुना संगणक विंडोज ७ च्या ३२ बिट आवृत्तीवर चालत होता. त्या प्रणालीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, हे आम्हाला ठाऊक होते. तरीही तो संगणक आम्ही जाणीवपूर्वक ठेवला होता, कारण पानांची मांडणी करणारे पेजमेकर, मराठी टंकलेखनाचे जुने सॉफ्टवेअर आणि प्रिंटर पोर्टला लावलेले त्या सॉफ्टवेअरचे लॉक (परवाना तपासणारे छोटे उपकरण) या तिन्ही गोष्टी त्यावर एकत्र आणि निर्वेध चालत होत्या. निर्णयाची वेळ आणली ती हार्ड डिस्कने. मोठ्या फाईली उघडताना संगणक अडखळू लागला, तेव्हा राजारामपुरीतील आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्यांना बोलावले. त्यांनी डिस्कने स्वतःविषयी ठेवलेली नोंद उघडून दाखवली. डिस्कवरचा एखादा भाग खराब झाला की डिस्क तो बाजूला टाकते आणि राखीव जागेतला भाग त्याच्याऐवजी वापरते. अशा बदललेल्या भागांची संख्या शून्यावरून वर चढू लागली, तर डिस्कचे दिवस भरत आले असे समजावे लागते. आमच्याकडे ती चढली होती, आणि वाचता न आल्यामुळे निर्णयाविना पडून राहिलेल्या भागांचीही वेगळी नोंद दिसत होती. ते म्हणाले, "वहिनी, डिस्क अजून वाचता येतीय. आधी कॉपी काढून घ्या, नव्या मशीनचं मग निवांत बघूया." हा सल्ला इतका योग्य होता, की नवा संगणक घेण्याआधी आम्ही बाहेरची मोठी डिस्क घेतली.

जुन्याच संगणकात नवी डिस्क बसवून त्यावर नवी विंडोज घालता येईल का, याचाही विचार झाला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने तिच्यावर पैसे आणि वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमच्या मदरबोर्डात यांपैकी काहीच नव्हते. शिवाय विंडोज ११ फक्त ६४ बिट स्वरूपातच येते आणि ३२ बिट प्रणालीवरून ६४ बिट प्रणालीवर जाताना बसवलेली सॉफ्टवेअर जशीच्या तशी सोबत नेता येत नाहीत. प्रत्येक सॉफ्टवेअर नव्याने बसवावे लागते. फाईलींची नक्कल होते, सॉफ्टवेअरची होत नाही, कारण त्याचे काही भाग प्रोग्राम फाइल्समध्ये, काही रजिस्ट्रीत, काही विंडोजच्या फोल्डरात आणि परवान्याची खूण आणखी कुठे तरी असते. विंडोज ७ मध्ये फाईली आणि सेटिंग नव्या संगणकावर नेणारे ईझी ट्रान्सफर नावाचे साधन होते. विंडोज १० पासून तेही काढून टाकण्यात आले.

काम हाती घेतले ते अहवालांचा हंगाम संपल्यावर आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई सुरू होण्याआधी. आमच्या व्यवसायात वर्षात मिळणारी निवांत जागा तेवढीच असते.

नक्कल काढण्याच्या बाबतीत दोन गोष्टी सविस्तर सांगण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट क्रमाची. खचत चाललेल्या डिस्कवरून सगळे एकदम उचलू नये. सर्वांत मोलाचे ते आधी उचलावे. त्यामुळे चालू ग्राहकांचे अहवाल, फॉन्ट आणि टॅलीचा डेटा यांच्या प्रती प्रथम घेतल्या, नंतर लग्नपत्रिकांचे नमुने आणि स्मरणिका घेतल्या, आणि पुन्हा कुठूनही मिळू शकणारी छायाचित्रे व सॉफ्टवेअरच्या सेटअप फाईली सर्वांत शेवटी घेतल्या. दुसरी गोष्ट साधनाची. माऊसने फोल्डर ओढून नक्कल करताना एखादी फाईल वाचता आली नाही, तर काम तिथेच थांबते आणि काय गेले व काय राहिले याचा हिशोब लागत नाही. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा हे काम फार चांगले करते: फाईलींच्या तारखा जपते, न झालेल्या फाईलींची यादी लिहून ठेवते आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा चालवल्यावर झालेल्या फाईली वगळून पुढे जाते. मात्र न वाचता येणाऱ्या फाईलीसाठी ती मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दोन प्रयत्नांमध्ये तीस सेकंद थांबते. म्हणून आजारी डिस्कवर ती चालवताना प्रयत्न एकच आणि थांबणे एकच सेकंद, असे आज्ञेतच लिहावे लागते. फाईलींच्या तारखा जपण्याला आमच्यासाठी अर्थ आहे, कारण कोणत्या संस्थेचा कोणता मसुदा अखेरचा, हे ओळखण्याची ती पुष्कळदा एकमेव खूण असते.

जुन्या संगणकाचे यूएसबी पोर्ट दुसऱ्या पिढीचे होते. कागदावर त्यांचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट असला, तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतो. ३०० जीबी माहिती नेताना तीन तासांच्या आसपास वेळ जातो आणि छोट्या फाईली हजारोंनी असतील तर त्याहून अधिक. महत्त्वाच्या प्रती निघाल्यावर उरलेल्या कामासाठी आम्ही डिस्क काढून साटा-यूएसबी जोडणीने नव्या संगणकाला लावली आणि काम पूर्ण झाल्यावर ती परत जागी बसवली. या काळात जुना आणि नवा, दोन्ही संगणक यूपीएसवरच ठेवले होते. काही फाईली वाचता आल्या नाहीतच, पण त्यांतील बहुतेक छपाई झालेल्या लग्नपत्रिकांच्या होत्या. दोन स्मरणिकांची पाने मात्र गेली आणि त्यांच्या छापील प्रती दुकानात आहेत एवढ्यावर समाधान मानावे लागले.

नक्कल बरोबर झाली का, हे पाहण्यासाठी फाईलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवले, आणि अहवालांच्या फोल्डरसाठी प्रत्येक फाईलीची एसएचए-२५६ बेरीजही दोन्हीकडे काढून ताडून पाहिली. फाईलीतला एक अंश जरी बदलला, तरी ही बेरीज पूर्ण बदलते, त्यामुळे ती जुळली की प्रत अस्सल बरहुकूम आहे याची खात्री पटते. परंतु बरहुकूम प्रत हाती येणे ही या कामाची सुरुवात होती, हे नव्या संगणकावर पहिली फाईल उघडताच दिसले असते. आम्हाला ते आधीच माहीत होते, कारण मराठी अक्षरजुळणीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असते.

जुन्या मराठी फॉन्टांमध्ये मराठी अक्षरांना स्वतःचे सांकेतिक क्रमांक नव्हते. इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फाईलीत प्रत्यक्ष साठवलेली असते ती विलायती अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट जागेवर असेल तर डोळ्यांना 'राखीव निधी' दिसते, नसेल तर पौंडाची खूण, टिंबे दिलेले स्वर आणि अवतरणचिन्हे यांची रांग दिसते. त्यात भर म्हणजे, श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा प्रत्येक परिवाराची मांडणी वेगळी होती, आणि एकाच कंपनीच्या दोन परिवारांतही ती सारखी असेलच असे नव्हते. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी होती. परंतु पेजमेकरला युनिकोड कधीच समजले नाही आणि मराठी छपाईचे बहुतेक काम पुढे अनेक वर्षे पेजमेकरमध्येच होत राहिले. म्हणून आमच्या डिस्कवर जे आहे ते मराठी आहे, असे संगणकाच्या दृष्टीने म्हणताच येत नव्हते.

यामुळे पहिले काम ठरले ते फॉन्टांची यादी करण्याचे, आणि त्यात माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची, कामाची वही उपयोगी पडली. मामांनी व्यवसायाची सुरुवात खिळे जुळवण्यापासून आणि ट्रेडल मशीनपासून केली. संगणक आल्यावरही त्यांची नोंद ठेवण्याची शिस्त तशीच राहिली. प्रत्येक कामाचा क्रमांक, संस्थेचे नाव, पानांची संख्या, कागद आणि शेवटच्या रकान्यात मजकुराचा व मथळ्याचा फॉन्ट, असे सारे त्या वहीत आहे. ती वही समोर घेऊन मी एकेका संस्थेची फाईल जुन्या संगणकावर उघडत गेले आणि मामा फॉन्टाचे नाव सांगत गेले. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरातील सगळ्या फाईली उचलून आणणे सोपे असते, पण कोणत्या कामाला कोणता फॉन्ट हवा हे त्यातून कळत नाही, आणि जुने फॉन्ट नावाने सारखे व आतून वेगळे असण्याचा प्रकार सर्रास आढळतो. याच यादीत आणखी एक अडचण वर आली. आमचे काही मथळ्यांचे फॉन्ट टाइप १ या जुन्या स्वरूपात होते, आणि अडोबेने जानेवारी २०२३ पासून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये त्या स्वरूपाचा वापर बंद केला आहे. त्यांचे ट्रूटाइप स्वरूप मूळ सीडीवर सापडले. मात्र नव्या संगणकाला सीडी ड्राइव्ह नसल्यामुळे तेही जुन्या संगणकावरूनच उतरवून घ्यावे लागले. ज्यांच्याकडे अजून अशा सीडी आहेत, त्यांनी ड्राइव्ह चालू आहे तोवर त्यांची प्रत काढून ठेवावी, असे मी आवर्जून सांगेन.

टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचे लॉक हा पुढचा प्रश्न होता. ते प्रिंटर पोर्टला लावायचे, आणि नव्या संगणकाला तो पोर्टच नव्हता. यूएसबीला प्रिंटर पोर्ट जोडणारी केबल बाजारात मिळते, पण ती फक्त प्रिंटरशी बोलण्यापुरती असते. लॉक ज्या पद्धतीने थेट पोर्टवर चौकशी करते, ती पद्धत तिच्यातून चालत नाही. संगणकाच्या आत वेगळे कार्ड बसवले तरी लॉकचे ड्रायव्हर ३२ बिटचे असल्याने ६४ बिट विंडोज ते स्वीकारत नाही. म्हणून त्या वाटेला न जाता सॉफ्टवेअरची ६४ बिट विंडोजवर चालणारी नवी आवृत्ती विकत घेतली, जिच्यात युनिकोडही आहे आणि जुन्या फॉन्टांत टंकलेखन करण्याची सोयही आहे. खर्च झाला, परंतु परवाना रीतसर असलेल्या दुकानाला पतसंस्थेच्या लेखापरीक्षकासमोर बिल ठेवताना संकोच वाटत नाही, हेही मोलाचे आहे.

पेजमेकरबाबत मी वेगळा निर्णय घेतला. त्याची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये आली आणि तीच शेवटची ठरली. ती ओढूनताणून विंडोज ११ वर बसवण्याचे उपाय सांगणारे लोक आहेत, पण ज्या सॉफ्टवेअरवर दुकानाचे चार महिन्यांचे उत्पन्न उभे आहे, ते पुढच्या अद्ययावतीकरणात बंद पडेल की काय अशा धास्तीवर चालवणे मला पटले नाही. अडोबेचे पेजमेकरनंतरचे पानमांडणीचे सॉफ्टवेअर इनडिझाइन पेजमेकरच्या फाईली उघडत असे, पण सीएस ६ या आवृत्तीपर्यंतच. आता वर्गणीवर मिळणाऱ्या आवृत्त्या त्या उघडत नाहीत. लक्ष्मीपुरीतील एका व्यावसायिक स्नेह्यांकडे सीएस ६ ची अधिकृत प्रत होती. गुंतागुंतीच्या मांडणीच्या काही स्मरणिका आम्ही त्यांच्याकडे उघडून इनडिझाइनच्या स्वरूपात जतन केल्या. ओळी काही ठिकाणी तुटल्या, टॅबने रचलेले तक्ते सरकले, पण पाया मिळाला. अहवालांसाठी मात्र ही वाट उपयोगाची नव्हती, कारण मांडणी आली तरी मजकूर जुन्या फॉन्टांतच राहणार होता आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला असता.

तेव्हा सगळ्या साठ्याकडे पुन्हा एकदा त्या कसोटीने पाहिले. जी संस्था दर वर्षी आमच्याकडे येते तिचा ताजा अहवाल युनिकोडमध्ये नव्याने उभा करायचा. जी फाईल पुन्हा बदलली जाणार नाही, पण कधी तरी पाहावी लागेल, तिची जुन्या संगणकावरच पीडीएफ करून ठेवायची. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसला की नाही हे गुणधर्मांच्या खिडकीतील फॉन्टांच्या यादीत पाहावे लागते, कारण काही फॉन्टांचे निर्माते आत बसवण्याची परवानगीच देत नाहीत, आणि मग ती पीडीएफ जुन्या संगणकावर नीट दिसते व दुसरीकडे तिची रया जाते. अशा फॉन्टांतील पाने आम्ही उच्च दर्जाच्या चित्ररूपात ठेवली. कोरल ड्रॉमधील लग्नपत्रिकांचे काम याहून सोपे निघाले, कारण छपाईला पाठवताना अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते रेखाकार, करण्याची आमच्याकडे पद्धत आहे. कर्व्ह केलेली पत्रिका फॉन्टाविना जशीच्या तशी उघडते. तिच्यातले नाव बदलता येत नाही, पण पत्रिकेत आम्हाला पुन्हा लागते ती नक्षी, नाव नव्हे.

युनिकोडचे रूपांतर हा या सबंध प्रवासातला सर्वांत कष्टाचा भाग होता, आणि मराठीत काम करणाऱ्या इतरांसाठी तोच अधिक बारकाईने लिहिण्याजोगा आहे. रूपांतर करणारी साधने पुष्कळ आहेत, परंतु त्यांना नुसता मजकूर दिला तर अनर्थ होतो. अहवालात मराठीच्या मधोमध इंग्रजी फॉन्टांत लिहिलेले आयएफएससी क्रमांक, ईमेलचे पत्ते आणि लेखापरीक्षकांच्या पदव्या असतात. नुसत्या मजकुरात कोणता तुकडा कोणत्या फॉन्टात होता याची खूण राहत नाही, आणि साधन त्या इंग्रजी अक्षरांनाही मराठी समजून त्यांचा निरर्थक मजकूर करून टाकते. म्हणून पेजमेकरमधून मजकूर आरटीएफ स्वरूपात काढावा, ज्यात प्रत्येक तुकड्यासोबत फॉन्टाचे नाव राहते, आणि फॉन्टाचे नाव ओळखणारेच साधन वापरावे. आकड्यांचेही तसेच आहे: जुन्या मराठी फॉन्टांत इंग्रजी आकड्याच्या जागी मराठी आकडा बसवलेला असतो, त्यामुळे रूपांतर न झालेल्या तुकड्यात १२ च्या ठिकाणी इंग्रजी आकडे उमटतात आणि एकाच ताळेबंदात दोन लिप्यांचे आकडे दिसू लागतात.

दुसरी मोठी अडचण अक्षरांच्या क्रमाची. जुन्या फॉन्टांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने असतात. पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार दिसतो अक्षराच्या डोक्यावर, त्यामुळे जुन्या पद्धतीत तो नंतर येतो, तर युनिकोडमध्ये आधी. 'आर्थिक' या शब्दात हे दोन्ही एकत्र येतात, आणि अहवालाच्या जवळजवळ प्रत्येक पानावर हा शब्द असतो. 'स्थिती'मध्ये वेलांटीला एक नव्हे, दोन व्यंजने ओलांडून जावे लागते. साधन एकाच व्यंजनापाशी थांबले की शब्द मोडतो आणि मध्येच टिंबांचे वर्तुळ दिसू लागते. 'कर्मचाऱ्यांचे', 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या' यांतला अर्धा र तर अनेक साधनांना मुळीच माहीत नसतो आणि ती त्याचा सरळ रफार करतात. दूध संस्थेच्या अहवालात शेतकऱ्यांचे नाव असे अशुद्ध छापले जावे, हे मला सहन होण्यासारखे नव्हते. हे दोष एकदा ओळखू आले की वर्डमध्ये शोधा आणि बदला या सोयीने पुष्कळसे एकाच वेळी दुरुस्त होतात, परंतु ओळखण्यासाठी वाचावेच लागते.

वाचन आम्ही मुद्रणालयाच्या जुन्या रीतीने केले. मामा गेल्या वर्षीचा छापील अहवाल मोठ्याने वाचत, विरामचिन्हांसकट, आणि मी नव्या प्रतीवर पेन्सिल फिरवत असे. नुसत्या डोळ्यांनी तपासताना मन चुकीचा शब्द आपोआप बरोबर वाचून घेते; कानावर पडणारा शब्द आणि कागदावरचा शब्द वेगळा असला की हात थांबतो. ताळेबंदांसाठी हे पुरेसे नव्हते. तिथे सर्व आकडे एक्सेलमध्ये घालून देणी व मालमत्ता या दोन्ही बाजूंच्या बेरजा पुन्हा केल्या आणि त्या जुळल्यावरच तक्ता इनडिझाइनमध्ये नेला. इनडिझाइनमध्ये मराठीसाठी वर्ल्ड-रेडी परिच्छेदरचना निवडावी लागते; ती निवडली नाही तर जोडाक्षरे सुटी होतात आणि रूपांतरातच दोष असल्याचा समज होतो.

त्यानंतर पानांचा प्रश्न उद्भवला, ज्याची कल्पना संगणकाच्या बाजूने विचार करणाऱ्याला सहसा येत नाही. युनिकोड फॉन्टांची उंची आणि रुंदी जुन्या फॉन्टांपेक्षा वेगळी असते. तोच मजकूर, तोच आकार, तरी ३२ पानांचा अहवाल ३४ पानांवर जाऊ लागला. मधोमध पिन मारून बांधायच्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत लागतात, म्हणजे ३४ पानांसाठी ३६ पाने छापावी लागतात, आणि हजारो सभासद असलेल्या संस्थेला तो कागदाचा खर्च परवडत नाही. निरनिराळे फॉन्ट लावून पाहिले, ओळींमधील अंतर थोडे कमी केले, समास किंचित आत घेतले आणि अखेरीस मजकूर ३२ पानांत बसवला. वृद्ध सभासदांना वाचता येईल यापेक्षा अक्षर लहान करायचे नाही, ही अट मी स्वतःवर घालून घेतली होती. याच वेळी एक छोटी सुधारणाही झाली: जुन्या फॉन्टांत रुपयाचे चिन्ह नव्हते, कारण ते २०१० मध्ये स्वीकारले गेले, आता तक्त्यांच्या शिरोभागी ते नीट छापता येते.

बाकीची सॉफ्टवेअर तुलनेने सहज आली. टॅलीचा डेटा फोल्डर नेला, जुन्या संगणकावरून परवाना सोडला आणि नव्यावर सुरू केला. हा क्रम पाळणे आवश्यक आहे, कारण जुना संगणक बंद पडल्यावर परवाना सोडवायला अधिक लिखापढी करावी लागते. थंडरबर्डमधील ईमेलचा संपूर्ण प्रोफाइल फोल्डर उचलून ठेवला की पत्रे, पत्ते आणि पासवर्ड सगळे येते. क्रोमचे तसे नाही. त्यातील पासवर्ड विंडोजच्या त्या खात्याशी बांधून कूटबद्ध केलेले असतात, म्हणून फोल्डर नेऊन उपयोग होत नाही, ते आधी बाहेर काढावे लागतात आणि काम झाले की ती उघडी यादी पुसून टाकावी लागते. ट्रेसिंग पेपरवर छपाई करणाऱ्या आमच्या जुन्या लेझर प्रिंटरला ६४ बिटचा ड्रायव्हर मिळाला. वर्डचा स्वतःचा शब्दकोश, ज्यात आम्ही वर्षानुवर्षे गावांची आणि आडनावांची भर घातली होती, तो दडवलेल्या फोल्डरात असतो. तोही आठवणीने नेला.

नवा संगणक सुरू करताना विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा आग्रह धरते आणि डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हवर नेण्याचा पर्याय पुढे करते. तिथे विनामूल्य जागा ५ जीबीच मिळते आणि ग्राहकांची आधार कार्डे, थकबाकीदारांच्या याद्या असा मजकूर आमच्याकडे असतो, म्हणून तो पर्याय आम्ही बंद ठेवला. डिस्क कूटबद्ध करण्याची सोय मात्र चालू ठेवली, आणि तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून दुकानाच्या कागदपत्रांत ठेवली. मदरबोर्ड बिघडला आणि ती किल्ली हाताशी नसली, तर स्वतःच्याच फाईली कायमच्या बंद होतात.

प्रती आता तीन ठिकाणी आहेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीच्या गल्ल्यांत शिरलेले आम्ही पाहिले आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका समजतात. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. त्यामुळे एक प्रत संगणकात, दुसरी दुकानाच्या माळ्यावरच्या डिस्कवर आणि तिसरी माझ्या माहेरी आजऱ्याला ठेवली आहे. आजऱ्याची डिस्क प्रत्येक सणाला जाते तेव्हा बदलून आणते.

जुना संगणक आम्ही मोडीत काढला नाही. त्याची नेटवर्कची तार काढून टाकली आहे, नव्या डिस्कवर त्याची पूर्ण प्रतिकृती बसवली आहे, आणि पेजमेकरची एखादी जुनी फाईल उघडून आरटीएफ किंवा पीडीएफ काढणे एवढेच काम त्याच्याकडे ठेवले आहे. दर वर्षी येणाऱ्या संस्थांचे ताजे अहवाल युनिकोडमध्ये आले आहेत. ज्या संस्था दोन-तीन वर्षांनी एकदा येतात, त्यांचे अहवाल मामांच्या वहीतील क्रमाने आता घेतले जात आहेत. काही संस्थांनी आपले स्थापनेपासूनचे अहवाल शोधता येतील अशा स्वरूपात मागितले आहेत, आणि त्यासाठी लागणारा वेळ मी आता दरपत्रकात वेगळा लिहिते. यंदाच्या हंगामात पहिली येणारी पतसंस्था मंगळवार पेठेतील आहे. तिचा ताळेबंद नव्या रकान्यांसह तयार आहे, फक्त लेखापरीक्षित आकडे यायचे आहेत.